खानदेशातले जिन आणि चार महिन्यांची अट

आजचा नंदुरबार जिल्हा १८८१ साली खानदेश जिल्ह्यात मोडत होता. त्याच साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, अपघात कळवावेत, असे त्यात सांगितले होते. पण १०० पेक्षा कमी कामगारांचे किंवा वर्षाकाठी चार महिनेही न चालणारे कारखाने त्यातून सुटले. खानदेशात सरकीपासून रुई वेगळी करणारे जिन चालत ते कापसाच्या हंगामापुरते. कामाला बहुतेक स्त्रिया. मुंबईच्या गिरण्यांना कायदा लागला, इथले कितीतरी जिन मोकळे राहिले.

यंत्राला महिने मोजता येत नाहीत! वर्गात एक गणित घालून पाहा. १० सेंटिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर त्यात अडकलेले कापड सेकंदाला किती गुंडाळले जाईल? उत्तर येते सुमारे एक मीटर. पदराचे टोक सापडल्याचे ध्यानात येऊन हात हलेपर्यंतच अर्धा मीटर पदर आत गेलेला असतो. सावधपणा इथे कामाचा नाही. आधी कुंपण हवे, मग अंगासरशी कपडे.

चार महिन्यांची सवलत १९११ च्या कायद्याने गेली. चालत्या यंत्राला तेलपाणी करणाऱ्याला घट्ट कपडे मालकाने पुरवावेत, हे १९४८ च्या कायद्यात आले.

आयटीआयच्या कार्यशाळेत नवा मुलगा लेथवर हातमोजे घालून उभा राहिला, तर शिक्षक ते काढायला लावतात. मोज्याचा धागा आणि तो पदर, गणित एकच. डोळ्यांवरचा चष्मा मात्र काढायचा नाही.