उंदरांच्या हृदयातला दाह रोखला आणि आजार मंदावला : नेमकं काय सापडलंय?

"हृदयविकारावर इलाज सापडला" असं हेडिंग फीडमध्ये आलं की ते फॅमिली ग्रुपवर पोहोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आत जाऊन वाचलं तर प्रयोग उंदरांवरचा असतो. मग काही जण म्हणतात "उंदरांवर काय, सगळंच चालतं" आणि विषय सोडून देतात. मला ही दोन्ही टोकं पटत नाहीत. म्हणून आज अशाच एका संशोधनाबद्दल सविस्तर सांगतो. आजार तरुणांना गाठणारा आहे, त्यामुळे वाचायला पाच मिनिटं द्याच.

आजार कोणता?

नाव लांबलचक आहे : अॅरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी. आपण एसीएम म्हणू. नेहमीच्या हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, तसं इथे नसतं. इथे बिघाड थेट हृदयाच्या स्नायूत असतो.

हृदयाच्या पेशी एकमेकींना डेस्मोसोम नावाच्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. शर्टाची टिचबटणं डोळ्यांसमोर आणा. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं, म्हणजे या बटणांवर दिवसाला एक लाख वेळा ताण येतो. एसीएमच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ही बटणं बनवणाऱ्या जनुकातच चूक असते. बटणं सैल पडतात, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व चट्ट्यासारखे तंतू भरतात. चट्ट्यातून विजेचा संदेश सरळ जात नाही, ठोक्यांची लय बिघडते. कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे थेट अचानक मृत्यू, तोही मैदानावर. जोरदार व्यायामाने हा आजार वाढतो, म्हणून खेळाडूंना धोका जास्त. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे.

या आजाराचा एक धागा ग्रीसच्या नाक्सोस बेटावर सापडला. १९८६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी काही कुटुंबांची नोंद केली. जन्मापासून लोकरीसारखे कुरळे केस, तळहात-तळपाय जाड, आणि पुढे हृदयाचा त्रास. २००० साली कारण कळलं : प्लाकोग्लोबिन नावाच्या जनुकातली फक्त दोन अक्षरं गायब! केस, त्वचा आणि हृदय यांचा संबंध काय, तर तिन्हीकडे हीच टिचबटणं लागतात.

मग दाह कुठून आला?

दाह म्हणजे इन्फ्लमेशन. काटा रुतला की बोट लाल होऊन सुजतं, तोच प्रकार. एसीएमच्या रुग्णांच्या हृदयात दाहाच्या पेशी दिसतात हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. पण त्या आजार घडवतात की नुसत्या सफाईला आलेल्या असतात, हे स्पष्ट नव्हतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला कळीचा प्रश्न हाच आहे.

२०१९ मध्ये स्टीफन चेल्को, जेफ्री सॅफिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आला. त्यांनी डेस्मोग्लीन-२ या जनुकात दोष असलेले उंदीर घेतले. शिवाय रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयस्नायूच्या पेशी वाढवल्या. दोन्हीकडे एनएफ-कॅप्पा-बी नावाचा स्विच चालू सापडला. हा स्विच पेशीच्या आत असतो आणि चालू झाला की दाहाचे रासायनिक संदेश तयार करणारी जनुकं जागी होतात.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेतल्या त्या डिशमध्ये रोगप्रतिकारक पेशी नव्हत्याच. तरीही हृदयाच्या पेशी स्वतःच दाहाचे संदेश भरभरून सोडत होत्या. ग्रुपमध्ये दुसरं कुणी नाही आणि अॅडमिन एकटाच "वाचवा वाचवा"चे मेसेज टाकतोय, असं काहीसं. मग त्यांनी बे-११-७०८२ हे रसायन वापरून स्विच दाबून ठेवला. उपचार मिळालेल्या उंदरांच्या हृदयाचं काम चांगलं राहिलं आणि चट्टेही कमी झाले.

पण हे रसायन सगळ्या शरीरात फिरतं, मग फायदा नेमका कुठे झाला? याचं उत्तर २०२४ मध्ये त्याच मंडळींनी 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मध्ये दिलं. या वेळी त्यांनी औषधाऐवजी जनुकांत बदल केले. काही उंदरांत हा स्विच फक्त हृदयस्नायूच्या पेशींत बंद ठेवला. काहींमध्ये सीसीआर-२ हा ग्राहक काढून टाकला. हा ग्राहक म्हणजे मॅक्रोफेज पेशींवरचा एक अँटेना. तो असला की त्या रक्तातून हाक आलेल्या जागी पोहोचतात.

निष्कर्ष असा : हृदयाच्या पेशी स्विच चालू करून हाक मारतात, सीसीआर-२ वाले मॅक्रोफेज येतात आणि तेच स्नायूचं नुकसान करतात, लय बिघडवतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. हृदय कमजोर पडतं ते फक्त स्नायू मेल्यामुळे नाही. जो स्नायू जिवंत आहे, तोही दाहामुळे नीट आकुंचन पावत नाही. मेलेला स्नायू परत येत नाही, पण दबलेला स्नायू पुन्हा कामाला लागू शकतो. आशा आहे ती इथे.

मग औषध कधी?

इथे जरा ब्रेक लावू. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, आपलं विश्रांतीत ६० ते १००. प्रयोगातल्या उंदरांत जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या, माणसांत बहुतेकदा एकच असते. आणि बे-११-७०८२ हे प्रयोगशाळेतलं रसायन आहे, मेडिकलमध्ये मिळणारी गोळी नाही.

हृदय आणि दाह यांचा इतिहासही सावध करणारा आहे. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांना टीएनएफ हा दाहाचा संदेश रोखणारी औषधं देऊन पाहिली होती. प्राण्यांमधले पुरावे जोरदार होते. पण इटानरसेप्टच्या चाचण्या फायदा दिसेना म्हणून २००१ मध्ये थांबवल्या. इन्फ्लिक्सिमॅबच्या १५० रुग्णांच्या चाचणीत तर जास्त डोस घेणाऱ्यांची तब्येत आणखी बिघडली. उलट २०१७ च्या कँटोस चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांमध्ये, कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम डोसने पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह आपलं रक्षणही करतो ना! म्हणूनच फक्त हृदयातला स्विच किंवा फक्त सीसीआर-२ गाठता आला तर बरं, असा विचार पुढे येतोय.

एक कळकळीची सूचना : "दाह कमी करायचाय" म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर रोज घेऊ नका. त्यांचं काम वेगळं आहे आणि कमजोर हृदयाला त्या उलट त्रासदायक ठरू शकतात. हळदीच्या कॅप्सूलचे फॉरवर्डही याच रांगेतले.

आज एसीएमसाठी हातात आहे ते असं : जोरदार व्यायाम बंद, बीटा ब्लॉकर आणि लय सांभाळणारी औषधं, गरज पडल्यास छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्र आयसीडी, आणि अगदी शेवटी हृदय प्रत्यारोपण. जीव वाचतो, पण स्नायू झिजायचा थांबत नाही.

स्मार्टवॉचचा ईसीजी एकाच लीडचा असतो, तो एसीएम शोधण्यासाठी बनवलेला नाही. "नॉर्मल" आलं म्हणून निवांत होऊ नका. व्यायाम करताना चक्कर येऊन पडलात, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना हे दोन्ही आवर्जून सांगा. बारा लीडचा ईसीजी, इको, चोवीस तासांचा होल्टर आणि गरज पडल्यास हृदयाचा एमआरआय, अशा क्रमाने ते तपासतील. निदान पक्कं झालं, तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी लागते.