अवटु-अल्पक्रियतेच्या चाचण्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : अवटु (थायरॉईड) ग्रंथीच्या अल्पक्रियतेचे निदान करताना कोणती चाचणी प्रथम करावी, या प्रश्नाला विसाव्या शतकात क्रमाने तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यांमागील कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

परिणामाचे मापन : इ. स. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या रुग्णावर उपचार केला. उपचार सापडला, निदान मात्र लक्षणांवरच अवलंबून राहिले. १८९५ मध्ये मॅग्नस-लेव्ही यांनी या ग्रंथीचा चयापचयाशी असलेला संबंध दाखविला आणि पुढे विश्रांत अवस्थेतील प्राणवायूचा वापर मोजण्याची पद्धत रूढ झाली. तथापि ताप किंवा मानसिक ताण यांमुळेही हा आकडा बदलत असे.

मात्रेचे मापन : शतकाच्या मध्यास रक्तातील प्रथिनबद्ध आयोडीन मोजले जाऊ लागले. क्ष-किरण तपासणीसाठी दिलेल्या आयोडीनयुक्त द्रव्यामुळे ही चाचणी फसत असे. शिवाय गर्भावस्थेत संप्रेरकवाहक प्रथिने वाढतात. त्यामुळे आकडाही वाढे आणि मातेची खरी कमतरता झाकली जाण्याचा धोका असे.

संदेशाचे मापन : रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये इन्शुलिनसाठी किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धती मांडली. याच तत्त्वावर १९६५ च्या सुमारास पोष ग्रंथीतील अवटु-उद्दीपक संप्रेरक, म्हणजेच टीएसएच, मोजणे शक्य झाले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी-४ किंचित घटताच टीएसएच अनेक पटींनी वाढते. म्हणून ग्रंथीचा बिघाड या चाचणीत लवकर उमटतो. टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर ग्रंथीबाहेरही होते, हे १९७० मध्ये ब्रेव्हरमन व सहकाऱ्यांनी दाखविले. अल्पक्रियतेत टी-३ दीर्घकाळ सामान्य मर्यादेत राहू शकते. त्यामुळे या निदानात त्याचे मापन फारसे उपयोगी ठरत नाही.

समारोप : आज सामान्यतः प्रथम टीएसएच आणि ते वाढलेले आढळल्यास मुक्त टी-४, असा क्रम स्वीकारला जातो. परंतु हा क्रम पोष ग्रंथी निरोगी आहे, या गृहीतकावर उभा आहे. तीच विकारग्रस्त असल्यास टीएसएच सामान्य भासू शकते व रुग्णाचे निदान हुकते. अशा वेळी मुक्त टी-४ अपरिहार्य ठरते. आधीच्या दोन्ही चाचण्यांप्रमाणे टीएसएचलाही मर्यादा आहे, याचे भान ठेवूनच तिची निवड करणे इष्ट होय.