स्वमग्नता : समज आणि वास्तव

'स्वमग्न' या शब्दातच एक गैरसमज दडलेला आहे. ऑटिझम असलेले मूल स्वतःतच बुडालेले असते, त्याला इतरांची ओढ नसते, असे त्यातून ध्वनित होते. वास्तविक यातील अनेक मुलांना माणसे हवी असतात. ते व्यक्त करण्याची रीत तेवढी निराळी असते. नजर चुकवणारे मूल ऐकतच नाही, असे समजण्याचे कारण नाही. विचारलेला प्रश्नच पुन्हा उच्चारणे ही चेष्टा नसून पुष्कळदा संवादाचाच प्रयत्न असतो.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे आईच्या मायेच्या अभावी ती उद्भवते, असा समज तेथे रूढ झाला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून तो खोडून काढला. तरीही 'आई नोकरी करते ना, म्हणून' हे वाक्य आपल्याकडे अजून कानी पडते. लशीशी संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंधही 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला.

उशिरा बोलू लागलेल्या टेम्पल ग्रँडिन पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. चित्रांतून विचार करण्याच्या शक्तीवर त्यांनी गुरांसाठी कमी भीतिदायक गोठ्यांची रचना केली. अर्थात, प्रत्येक मुलात अशी प्रतिभा शोधत बसणे हाही गैरसमजच. बहुतेकांना हवे असते ते साधेच : छोटी, स्पष्ट वाक्ये, कमी गोंगाट आणि दिवसाचा क्रम बदलणार असल्यास त्याची आगाऊ कल्पना.