शैक्षणिक यश व सांस्कृतिक मूल्ये
परीक्षेतील यशापयशाचे कारण मूल कशात शोधते, हे बऱ्याच अंशी घरातील व शाळेतील मूल्यांवरून ठरते. या विषयावरील सर्वपरिचित अभ्यास हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिग्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा आहे. मिनीॲपोलिस, जपानमधील सेंडाई, तैवानमधील तैपेई इत्यादी शहरांतील प्राथमिक शाळांच्या मुलांची गणितातील कामगिरी त्यांनी तपासली, मातांच्या मुलाखती घेतल्या; निष्कर्ष १९९२ मध्ये पुस्तकरूपाने आले. जपानी व चिनी माता मेहनतीला अधिक महत्त्व देत, अमेरिकन मातांचा उपजत बुद्धीवर तुलनेने अधिक भर होता. गंमत अशी, की मुले गणितात मागे असूनही अधिक समाधानी होत्या त्या अमेरिकन माताच. एका जपानी वर्गात स्टिग्लर यांनी पाहिले, की घनाची आकृती न जमणाऱ्या मुलालाच शिक्षकांनी फळ्यावर बोलावले. जमेपर्यंत तो ती पुन्हा पुन्हा काढत राहिला. अखेर वर्गाने टाळ्या वाजवल्या. न येणे ही तेथे लाजेची बाब नव्हती. या फरकाचे मूळ अनेकदा कन्फ्यूशियसच्या विचारपरंपरेत शोधले जाते. पण तेवढे स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रवेशपरीक्षांतील चुरस आणि शाळेत गणिताला मिळणारा वेळ यांचाही त्यात वाटा आहे.