जपानी ॲनिमेशनमधील हस्तरंगित सौंदर्य आणि संगणक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : जपानी ॲनिमेशन अर्थात ‘ॲनिमे’ची परंपरा दीर्घकाळ कागद, पारदर्शक सेल आणि रंग यांवर आधारलेली होती. पात्रांची रेखाटने सेलवर उतरवून मागील बाजूने रंगविली जात. पार्श्वचित्रे प्रामुख्याने पोस्टर रंगांत कागदावर साकारत. संगणकाच्या आगमनाने ही हस्तकला लोप पावेल काय, हा प्रश्न १९९० च्या दशकात निर्माण झाला.

विवेचन : स्टुडिओ घिबलीच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) या चित्रपटातील काही दृश्ये संगणकावर रंगविण्यात आली. पुढे इसाओ ताकाहाता यांनी ‘माय नेबर्स द यामादाज’ (१९९९) संपूर्णतः संगणकावर रंगवून घेतला. सेलवरील रंग सपाट असतो. जलरंगाची विरत जाणारी कड, कोरी सोडलेली जागा हे त्यात साधणे कठीण होते. संगणकाने ते शक्य केले. मात्र रेषा व रंग यांसाठी स्वतंत्र रेखाटने करावी लागल्याने श्रम उलट वाढले. चित्रपटास अपेक्षित व्यावसायिक यश लाभले नाही. तथापि ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) मध्ये ताकाहाता यांनी हीच शैली अधिक विकसित केली. त्याच वर्षी, १९६९ पासून चालू असलेल्या ‘साझाए-सान’ या दूरचित्रवाणी मालिकेनेही सेलचा त्याग केला.

निष्कर्ष : सेल रंगविणाऱ्यांचे कौशल्य कालबाह्य झाले, ही हानी नाकारता येत नाही. तरीही रंगांचा मृदूपणा संगणकाने आपोआप दिलेला नाही. तो चित्रकाराच्या निवडीतून व परिश्रमांतूनच सिद्ध झाला, असे या इतिहासावरून दिसून येते.