बाग बघायची ती पाण्यासकट

गटाची अभ्यास सहल निघाली की घरातून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चालल्या फिरायला!" म्हणून आज आम्ही फिरण्याचाच इतिहास सांगणार आहोत. नीट बघून येणं हे केवढं काम असतं, ते जुन्या बागांवरून कळतं.

बाबर बादशहा मूळचा मध्य आशियातला, फरगाण्याचा. समरकंदच्या बागा त्याने तरुणपणीच पाहिल्या होत्या. 1506 साली तो हेरातला गेला. तिथल्या बागा, मदरसे, मकबरे हिंडून पाहिले आणि बाबरनाम्यात त्यांची नावं लिहून ठेवली. पुढे जलालाबादजवळ त्याने स्वतःची बाग केली, बाग-ए-वफा. तिथं हिंदुस्थानातली केळीही लावून पाहिली, आणि ती चांगली आली.

या बागा चारबाग पद्धतीच्या. पाण्याच्या पाटांनी जमिनीचे चार भाग करायचे. डोंगराकडे हे सोपं, कारण झऱ्याचं पाणी उतारानं आपसूक वाहतं. पण 1526 मध्ये पानिपतची लढाई जिंकून बाबर आग्र्याला आला, तेव्हा जमीन सपाट आणि नदी खाली! म्हणून यमुनेकाठी बाग करताना त्याने आधी मोठी विहीर खोदून घेतली. बैलांनी ओढायची मोट त्याने इथंच पाहिली. दोर शेणामुतातून ओढला जातो, म्हणून नाकही मुरडलं. पण पाणी वर काढल्याशिवाय बाग कुठली? बघितलेली बाग तशीच्या तशी उचलून आणता येत नाही, पाण्याप्रमाणे ती बदलावी लागते. आणि ते पाणी ओढणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

या कामात बायका मागे नव्हत्या. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा त्याच्या बेगमेने, बेगा बेगमने, बांधवून घेतला. भोवती भलीमोठी चारबाग. नूरजहान जहांगीरबरोबर काश्मीरला जायची. तिथली अचबलची झऱ्यावरची बाग तिच्या नावाशी जोडली जाते. आग्र्यात 1622 ते 1628 या काळात तिने आपल्या वडिलांचा, इतिमाद-उद-दौलाचा, मकबरा बांधवला. तोही यमुनेकाठी, पाटांच्या बागेत.

तीनशे वर्षांनी आणखी एक बाई या बागा बघत फिरली. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट ही इंग्रज चित्रकार. बागांची चित्रं काढली, माहिती जमवली आणि 1913 साली मोगल बागांवर पुस्तक छापलं. तेव्हा नवी दिल्ली वसवायचं चाललं होतं. तिथली बाग या देशाच्या पद्धतीची असावी, असा तिचा आग्रह होता. पुढे लट्येन्स या वास्तुकाराने व्हाइसरॉयच्या वाड्यामागे बाग आखली, तिच्यात मोगल पद्धतीचे पाट आणि इंग्रजी फुलांचे ताटवे एकत्र आले. तीच आजच्या राष्ट्रपती भवनातली बाग. 2023 पासून तिचं नाव अमृत उद्यान आहे.

आपल्याकडेही चारबाग आहे. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे औरंगाबादचा, बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. 1661 च्या सुमारास ती पुरी झाली. बघताक्षणी ताजमहाल आठवतो, कारण घडवणाऱ्यांसमोर नमुना तोच होता.

तेव्हा मैत्रिणींनो, सहलीत बाग, रोपवाटिका किंवा कुणाची परसबाग पाहाल, तेव्हा फुलांचे फोटो काढाच, पण चार गोष्टी विचारूनही घ्या. पाणी कुठून येतं? उतार कुणीकडे आहे? उन्हाळ्यात काय जगतं? आणि रोज पाणी घालतं कोण? उत्तरं वहीत लिहा, आणि पाणी घालणारीचं नावही लिहा. घरी कुणी विचारलं, "काय आणलंत फिरून?" तर ती वही पुढे करा.