स्टेशनरी (दोन समोच्चारी इंग्रजी शब्द)

स्टेशनरी : उच्चार एकच, पण लेखन व अर्थ वेगळे असलेले दोन इंग्रजी शब्द. एक विशेषण असून त्याचा अर्थ ‘स्थिर, जागचे न हलणारे’. दुसरे नाम असून त्याचा अर्थ ‘कागद, पेन, पाकिटे इ. लेखनसामग्री’. रोमन लिपीत फरक एकाच अक्षराचा : शेवटच्या ‘आर-वाय’च्या आधी विशेषणात ‘ए’ येतो, नामात ‘ई’. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले जात असल्याने दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

व्युत्पत्ती : दोन्ही शब्द लॅटिन ‘स्तारे’ (उभे राहणे) या क्रियापदापासून आले. त्यावरून ‘स्तातिओ’ म्हणजे उभे राहण्याची जागा आणि ‘स्तातिओनारिउस’ म्हणजे अशा जागेशी संबंधित. संस्कृत ‘स्था’ हा धातू त्याच इंडो-युरोपीय मुळाचा असल्याने स्थिर, स्थान, ठाणे आणि इंग्रजीतून आलेले ‘स्टेशन’ हे सारे एकमेकांचे दूरचे भाऊबंद ठरतात.

अर्थ कसा फुटला : मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. पॅरिस, बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या गावी मात्र ग्रंथविक्रेते एका जागी दुकान मांडून बसत; लॅटिनमध्ये त्यांना ‘स्तातिओनारिउस’ म्हणत. तेराव्या शतकात त्यांच्याकडे तपासून घेतलेली मूळ प्रत सुट्या जुड्यांमध्ये ठेवलेली असे. विद्यार्थी किंवा लेखनिक एक जुडी भाड्याने नेई, नकलून परत करी आणि पुढची नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या अनेक नकला एकाच वेळी तयार होऊ शकत.

इंग्रजीत अशा दुकानदाराला ‘स्टेशनर’ हे नाव पडले. लंडनमध्ये 1403 मध्ये ग्रंथव्यवसायातील कारागिरांचा संघ स्थापन झाला. 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली आणि ‘स्टेशनर्स कंपनी’ म्हणून तो छापील पुस्तकांच्या व्यवहारावर हुकमत गाजवू लागला. कोणते पुस्तक छापण्याचा हक्क कोणाचा, हे तिच्या नोंदवहीत लिहिले जाई. पुढे पुस्तकविक्रेता आणि स्टेशनर हे धंदे वेगळे मानले जाऊ लागले. कागद, शाई, लेखण्या विकणाऱ्यासाठी ‘स्टेशनर’ हा शब्द उरला. अठराव्या शतकात त्याच्या मालाला ‘स्टेशनरी’ म्हणू लागले. बेकरवरून बेकरी, तशी स्टेशनरवरून स्टेशनरी; नामातला ‘ई’ या दुकानदाराच्या नावातून आला आहे. विशेषणातला ‘ए’ थेट लॅटिन प्रत्ययातून आला.

वापर : विशेषण मुख्यतः वाहतूक, विज्ञान व तंत्रज्ञानात आढळते. सिग्नलला थांबलेली गाडी, व्यायामशाळेतील जागच्या जागी मारायची सायकल, दोरीवर उठणारा अप्रगामी तरंग यांना ते लागते. विषुववृत्तावर सुमारे 35,786 किमी. उंचीवरून फिरणारा भूस्थिर उपग्रह सेकंदाला सुमारे 3 किमी. वेगाने धावत असतो. पृथ्वीच्या परिवलनाशी त्याची गती जुळल्यामुळे जमिनीवरून मात्र तो एकाच जागी दिसतो. नाम दुकान, कचेरी व शाळेच्या व्यवहारातले आहे.

मराठीत : मराठीने यांपैकी नामच स्वीकारले. ते स्त्रीलिंगी असून सहसा एकवचनीच वापरले जाते : ‘ऑफिसची स्टेशनरी संपली’, ‘मुलांची स्टेशनरी आणायची आहे’. विशेषणाचे काम स्थिर, अचल हे शब्द करतात. शासनव्यवहारात मात्र ‘लेखनसामग्री’ हा शब्द टिकून आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रणविषयक संचालनालयाच्या नावातही तो आहे.

नेहमीची चूक : दुकानाच्या पाटीवर देवनागरी ओळ बिनचूक आणि खालच्या रोमन ओळीत ‘ई’च्या जागी ‘ए’, असे पुष्कळदा दिसते. दोन्ही शब्द कोशात असल्याने संगणकाचा शब्दतपासनीसही ही चूक सहसा पकडत नाही. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी : लिफाफ्याला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात व त्याचे पहिले अक्षर ‘ई’, लिफाफा जिथे मिळतो, त्या स्टेशनरीतही ‘ई’. आजच्या लेखननियमाने ‘ए’ची पाटी चूकच, पण ‘जागचे न हलणारे दुकान’ हा तिचा अर्थ पॅरिसच्या जुन्या ग्रंथविक्रेत्याला तंतोतंत लागू पडला असता.